मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी जुन्या शास्त्रातला बारीक टाइप काही वाचवेना, म्हणून नाताळात मिरजेत मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं. चेनचं कव्हर, दोन रिबिनी, शेवटी शब्दसूची. टाइप एक नंबर. तीस वर्षं नाइट ड्यूटीत औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचून दमलेले डोळेसुद्धा तक्रार करत नाहीत. कागद मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखा, मागची ओळ पुढे डोकावते.

पण माझ्याकडे या पुस्तकाला भलतंच काम लागलं. भाचा टेक्सासमध्ये असतो. तिकडचे पुढारी शास्त्रातलं एखादं वचन उचलून विरोधकांना हाणतात, त्याच्या नव्याजुन्या क्लिपा तो मला पाठवतो आणि विचारतो, "मावशी, खरंच असं लिहिलंय?" मोबाइलवर वचन येतं ते गुलाबाच्या चित्रावर, एकटंच. मी पुस्तक काढते आणि वरच्या चार, खालच्या चार ओळी वाचते.

अमेरिकेतल्या जॉर्जियाचे तेव्हाचे सिनेटर डेव्हिड पर्ड्यू 2016 च्या जूनमध्ये एका मेळाव्यात म्हणाले, ओबामांसाठी प्रार्थना करा, पण नेमकी स्तोत्र 109:8 प्रमाणे. म्हणजे त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचं पद दुसऱ्याला मिळो. लोक हसले. माझ्या प्रतीत आठवी आणि नववी ओवी एकाखाली एक आहेत. नववीत त्याची लेकरं पोरकी होवोत, बायको विधवा होवो. दहावीत तीच लेकरं भीक मागत फिरतात. मी चष्मा काढून ठेवला आणि चहा टाकायला उठले.

पौल प्रेषिताने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाबतीत छापणाऱ्यांवर माझा राग आहे. 14 जून 2018 ला तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी इंडियानातल्या फोर्ट वेनला 13 वा अध्याय पुढे केला: सरकारचे कायदे पाळा, सत्ता देवानेच नेमल्या आहेत. त्याच दिवसांत सीमेवर आईबापांपासून लेकरं वेगळी काढली जात होती. माझ्या प्रतीत 12 वा अध्याय उजव्या पानाच्या तळाशी संपतो आणि 13 वा पान उलटल्यावर सुरू होतो. त्यामुळे "शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे" हे अलीकडेच राहतं. पौलाने सलग पत्र लिहिलं होतं, अध्याय तेराव्या शतकात पाडले. तरी बरं, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही हे दहावं वचन 13 व्याच अध्यायात आहे.

2017 मध्ये गरिबांच्या अन्नमदतीवर तिकडच्या संसदेच्या समितीत सुनावणी होती. भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या ज्यू संस्थेच्या माणसाने जुन्या करारातलं लेवीय पुस्तक काढलं: शेताच्या कडेचं पीक गरिबाला आणि उपऱ्याला ठेवा. टेक्सासचे खासदार जोडी अ‍ॅरिंग्टन यांनी थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातलं वचन समोर टाकलं: काम करायला नको असेल त्याने खाऊही नये. लेवीय 19 मध्ये शेतानंतर लगेच द्राक्षमळा येतो, पडलेली द्राक्षं गोळा करू नका म्हणून. माझं माहेर तासगावकडचं. वडील दुसऱ्याच्या बागेत कामाला होते. तोड झाली की वेलीवर राहिलेले घड मालक आम्हा पोरांना नेऊ द्यायचे. त्यांनी लेवीयचं नावही ऐकलेलं नसणार.

आता कबुली. "काम नको त्याने खाऊ नये" हे वचन मीही फेकलंय. धाकटा आयटीआय करून वर्षभर घरी बसला होता, तेव्हा भर ताटावर. अर्धी भाकरी टाकून उठला पोरगा. पुढचं, अकरावं वचन मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. पौल तिथे काम सोडून लोकांच्या उचापती करत हिंडणाऱ्यांबद्दल बोलतोय. माझा पोरगा रोज सकाळी एमआयडीसीत अर्ज घेऊन जात होता.

शब्दसूची मात्र कामाची. वरचे तिघे रिपब्लिकन; नॅन्सी पेलोसी, म्हणजे दुसऱ्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या, 2008 मध्ये एक वाक्य जुन्या कराराचं म्हणून सांगत होत्या: देवाच्या सृष्टीच्या गरजा भागवणं हीच उपासना. एक अख्खी संध्याकाळ "सृष्टी", "उपासना", "गरजा" शोधत बसले. नाहीच. तिकडच्या अभ्यासकांनाही सापडलं नव्हतं. गरिबाला जाचतो तो त्याच्या निर्माणकर्त्याचा अपमान करतो, हे नीतिसूत्रे 14:31 त्यातल्या त्यात जवळचं.

बांधणी रद्दी. तिसऱ्या महिन्यात एक रिबीन तुटली आणि पुस्तक सारखं तिथेच उघडून स्तोत्रांपाशी कणा सुटला. अक्षराला पाचपैकी पाच, बांधणीला दोन. बायंडरकडे टाकलंय, गुरुवारी देतो म्हणाला. भाच्याला सांगितलंय, तोवर काही पाठवू नकोस.