‘कोसला’: धागा अखंड, पण पतंग कुठे?

जालना-बीड भागात तुतीची लागवड करून रेशीम कोष बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की, अखंड धागा हवा असेल तर आतल्या जिवाला पतंग होऊ देता येत नाही. कोसला म्हणजे तोच कोष, आणि भालचंद्र नेमाडे यांची १९६३ साली प्रकाशित झालेली ही कादंबरी पुन्हा वाचताना मला तिचे शीर्षकच सर्वांत समर्थ प्रतीक वाटले. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर आधी वसतिगृहात हौसेने मिरवतो, पैसे उधळतो, आणि मग एकेक उत्साह गळून पडत, परीक्षेतले अपयश घेऊन गावी परततो.

धाकटी बहीण मनी गेल्यावरचा भाग मात्र वेगळ्याच उंचीचा आहे. एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणाऱ्या, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’च्या आडोशाने बोलणाऱ्या पांडुरंगाची भाषा तिथे उघडी पडते, आणि ते शब्द म्हणजे दुखऱ्या जागेभोवती विणलेला धागाच होता, हे तेव्हा उमगते.

वसतिगृहातले काही प्रसंग रेंगाळतात, हे मान्य करावे लागेल. अजिंठ्याच्या लेण्यांचा भाग मात्र मराठवाड्यातल्या वाचकाने तरी सावकाश वाचावा. शाळेच्या सहलीत धावतपळत लेणी पाहिलेल्या आम्हांला ती अशी कधी दिसलीच नव्हती. पांडुरंग शेवटी बदलतो की केवळ मिटून जातो, हे नेमाडे सांगत नाहीत, आणि कोष फुटल्याचेही कुठे दाखवत नाहीत.