कागद खरा होता

माझी ३४ वर्षं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली. तुमचा पासपोर्ट, पाकिटावरचं तिकीट, कोर्टाचे स्टॅम्प जिथं छापले जातात, ती ही जागा. घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी कागद बोटांत चोळून बघतो, मग नवऱ्यामुलाचं नाव वाचतो. अशा माणसाला कागदावर फसवलं हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण हिच्या भिशीतल्या दोघी येत्या थंडीत, आम्ही गेलो होतो त्याच ट्रॅव्हल ऑफिसातून त्याच क्रूझला, म्हणजे जहाजाच्या सहलीला, निघाल्यात असं कळलं आणि ही म्हणाली, "लाज बाजूला ठेवा आणि लिहा."

निवृत्तीनंतर हिला एकदा मोठं जहाज बघायचं होतं. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर, चार रात्री. माणशी १ लाख १८ हजार, वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर ऑफिसनं गोळा करून आयकर खात्यात भरायचा कर. कॉलेज रोडला ऑफिस, एसी, भिंतीवर जहाजाचं भलंमोठं चित्र. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. "काका, साठीच्या वरच्यांसाठी आमचं सगळं वेगळं असतं. व्हीलचेअर, मराठी टूर मॅनेजर, जेवणात वरण-भात, आणि मेडिकलचं तर टेन्शनच नाही."

हे मेडिकल म्हणजे 'ज्येष्ठ वैद्यकीय कवच'. माणशी ८,५०० रुपये. त्यात दोन गोष्टी मिळाल्या. एक, प्रवास विम्याचं पान, ५० हजार डॉलरचं. दुसरं, गळ्यात घालायचं लॅमिनेट केलेलं कार्ड, सोनेरी पट्टीचं. "जहाजावरच्या दवाखान्यात हे दाखवायचं, एक पैसा द्यायचा नाही." कार्डाची छपाई भिकार होती. सोनेरी पट्टी एका बाजूला दोन मिलिमीटर सरकलेली, कडेला लॅमिनेशनचा बुडबुडा. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, जाऊ दे, हल्ली सगळेच पैसे वाचवतात. विम्याचं पान मात्र चोख: कंपनीचं नाव नामांकित, पॉलिसी नंबर, क्यूआर कोड. मी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकूनही बघितला. पॉलिसी खरी निघाली. इथंच मी निर्धास्त झालो.

हिला बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी त्याहून जुनी. हे मी लपवलं नव्हतं. उलट त्यानंच सांगितलं होतं, "काका, काही राहू देऊ नका, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवून ठेवा." मी व्हॉट्सअॅपवर दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. निळ्या टिका आल्या, हात जोडलेली बाहुली आली. तो निरोप मी पुसला नाही, एवढंच एक शहाणपण माझ्याकडून झालं.

जानेवारी २०२५. कसारा घाट उतरून मुंबई, तिथून सिंगापूर. हिला घाटातच गाडी लागते, तर बोट लागणार हे ठरलेलंच होतं. आम्ही गोळ्या नेल्या होत्या. पहिला दिवस बरा गेला. पेनांगला उतरलो, देऊळ बघितलं, नारळपाणी प्यालो. त्या रात्री फुकेतकडे निघाल्यावर हिला डोलणं सोसेना. आमची केबिन स्वस्तातली, थेट पुढच्या टोकाला. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर डोलणं कमी लागतं, हे मला नंतर कळलं. बुकिंगच्या वेळी कुणी विचारलंही नाही. जेवण गेलंच नाही, दोनदा उलटी झाली. पण शुगरची गोळी मात्र हिनं नेमानं घेतली, कारण 'गोळी चुकवायची नाही' हे बारा वर्षांचं वळण. रात्री दीडला हिला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळायला लागलं.

नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसताना घेतली की शुगर धाडकन उतरू शकते, आणि उलट्या-जुलाबात मेटफॉर्मिनही काही वेळा थांबवावी लागते. जेवण गेलं नाही तर कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे निघण्याआधी एका कागदावर लिहून घ्यायला हवं होतं. आम्ही बेडशीट कोणती न्यावी यावर तासभर वाद घातला, हे विचारलं नाही. (जहाजावर बेडशीट देतात.)

जहाजाचा दवाखाना अगदी खालच्या डेकवर. तिथली माणसं चांगली होती, हे आधी सांगतो. बोटाला टोचलं, शुगर ५२. ग्लुकोज लावलं, ईसीजी काढला. मी ते सोनेरी कार्ड पुढे केलं. नर्सनं ते उलटंसुलटं करून बघितलं, डॉक्टरला दाखवलं, आणि मला परत देत विचारलं, हे काय आहे? मग एक फॉर्म पुढे आला: उपचारांचा खर्च केबिनच्या खात्यावर टाकायला संमती. जहाजावरचा दवाखाना खाजगी दवाखान्यासारखाच पैसे घेतो आणि तेही डॉलरमध्ये. आधी भरायचे, मग पावत्या घेऊन विमा कंपनीकडे जायचं. जगभर अशीच रीत आहे. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी तिथं सहसा चालत नाही. खात्याला जोडलेलं क्रेडिट कार्ड मुलीचं होतं. पुण्यात रात्री तिच्या फोनवर मेसेज गेला आणि तिला वाटलं कार्ड चोरीला गेलं.

शुगर सावरली, पण हिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. डॉक्टरनं शांतपणे समजावलं: इथं हृदयाचा तज्ज्ञ नाही, सीटी स्कॅन नाही, आणि फुकेतनंतरचा अख्खा दिवस जहाज समुद्रातच असणार. म्हणून सकाळी उतरा. फुकेतला मोठं जहाज धक्क्याला लागलंच नाही. पाटोंगसमोर समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं आणि लोक छोट्या बोटींनी किनाऱ्यावर गेले. व्हीलचेअरवरच्या हिला चौघांनी उचलून त्या बोटीत ठेवलं. आमच्या शेजारी टोप्या घातलेली, बेटं बघायला निघालेली माणसं हसत-खिदळत बसली होती. मराठी टूर मॅनेजर किनाऱ्यापर्यंत आला, मग त्याला उरलेल्या चाळीस जणांबरोबर राहणं भाग होतं. त्याच्यावर माझा राग नाही. मला फक्त एवढंच वाटतं की 'चोवीस तास सोबत' हे शब्द छापताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फुकेतच्या हॉस्पिटलात दोन दिवस. ठोके औषधानं जागेवर आले. मी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी शोधली, नाव-वय बरोबर सांगितलं, मग विचारलं, "मॅडमना पूर्वीचा काही आजार?" मी सरळ सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. "सर, आमच्याकडे तसं नोंदलेलं नाही. तुम्ही आत्ता पैसे भरा, नंतर क्लेम करा."

जहाजाचं बिल १,८६० डॉलर, हॉस्पिटलचं ९६ हजार बाट, ऐनवेळची विमानाची तिकिटं. सगळं मिळून साडेचार लाखांच्या वर गेलं. ही जिवंत घरी आली, त्यापुढे पैसा काही नाही. पण तो पैसा मुलीनं घरासाठी साठवलेला होता.

क्लेम नाकारल्याचं पत्र पाच आठवड्यांनी आलं. कारण एका ओळीचं: प्रस्तावात मधुमेह आणि उच्च रक्तदाब उघड केलेले नाहीत. मी प्रस्ताव फॉर्मची प्रत मागितली. ग्राहकानं मागितली की ती कंपनीला द्यावी लागते. प्रत आली आणि मी ती सवयीनं आधी उजेडात धरली. मग वाचली. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही. सध्या चालू औषधं: नाही. ओटीपीनं पडताळणी झालेली, पण मोबाइल नंबर माझा नव्हता, ई-मेलही माझा नव्हता. दोन्ही त्या ऑफिसचे. म्हणजे आमच्या नावानं उत्तरं त्यांनी दिली, आमच्या नावानं 'वरील माहिती खरी आहे' असंही त्यांनीच म्हटलं, आणि ३८ पानांची पूर्ण पॉलिसी त्यांच्याच मेलवर जाऊन पडली. आम्हाला वरचं एक पान मिळालं. आणि दोघांचा मिळून खरा हप्ता ३,१०० रुपये. आम्ही १७ हजार दिले होते.

मी आयुष्यभर खोटा कागद शोधायला शिकलो. इथं कागद अस्सल होता, आतलं उत्तर खोटं होतं.

ऑफिसात गेलो. चहा आला. तो म्हणाला, "काका, 'हो' केलं असतं तर सिस्टीमनं पॉलिसी दिलीच नसती. तुमच्या भल्यासाठीच केलं." हे वाक्य मी घरी येईपर्यंत डोक्यात फिरवत होतो, कारण ते ऐकायला खरं वाटतं. म्हणून मी स्वतः दोन कंपन्यांना फोन करून हिची खरी माहिती दिली. एकीनं नकार दिला. दुसरी जास्त हप्ता घेऊन तयार होती. जुन्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांना ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे. मर्यादा फार मोठी नव्हती, पण जहाजाचं बिल निघालं असतं. आणि पैसे मिळणार नाहीत हे आधी कळलं असतं तर आम्ही कदाचित निघालोच नसतो. तो निर्णय आमचा होता, तो त्यानं एका क्लिकमध्ये घेऊन टाकला.

मग मी कागदं लावायला बसलो. ते काम मला जमतं. टीसीएसचे ११,८०० रुपये आयकराच्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसायला हवेत. शोधले, नाहीत. पॉलिसीवरचा एजंट कोड बघितला, तो तिसऱ्याच माणसाचा. म्हणजे लॉगिन उसनं, उत्तरं खोटी, कर खिशात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, सोबत व्हॉट्सअॅपचे फोटो तारखेसकट. मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, मात्र नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. आपल्या नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. सुनावणी व्हिडिओवर झाली. कंपनीचा माणूस एकच सांगत होता, ओटीपी दिला म्हणजे सही झाली. मी एकच विचारत होतो, ओटीपी कुणाच्या फोनवर गेला? निकाल यायचा आहे.

ऑफिसविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. नोटीस गेल्यावर 'कवचा'चे १७ हजार गुपचूप खात्यात आले. सोबत निरोप: "काका, आता मिटवून टाका."

भिशीतल्या दोघींना मी प्रत्यक्ष भेटून सांगितलं. रद्द करा असं नाही म्हटलं. जहाज खरंच छान असतं, ही अजूनही त्या नारळपाण्याची आठवण काढते. फक्त म्हटलं, फॉर्म तुमच्यासमोर, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या मेलवर भरा आणि आजारांच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय ओटीपी कुणाला सांगू नका. विमा कंपनीला लेखी विचारा: जहाजावरचे उपचार धरता का, जहाजावरून उतरवायचा खर्च धरता का, फक्त सिंगापूर लिहिलंय की वाटेतले देशही. औषधं दुप्पट न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ पट्टीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर ते कधीच चेक-इनच्या सामानात टाकू नका, तिथं गोठू शकतं. झोपेची किंवा कोडीनची गोळी असेल तर सिंगापूरला आधी परवानगी लागू शकते, ते बघा. एक बाई लिहून घेत होत्या. दुसरीनं विचारलं, "पण भाऊ, तो माणूस तर किती चांगला बोलतो!"

परवा कॉलेज रोडवरून जाताना ऑफिसच्या काचेवर नवीन पोस्टर दिसलं. 'जानेवारी सहल: ज्येष्ठांचा विश्वास'. खाली सिंगापूरच्या धक्क्यावर काढलेला आमच्या ग्रुपचा फोटो. पहिल्या रांगेत मी आणि ही. हिच्या गळ्यात ते कार्ड स्पष्ट दिसतं, सरकलेल्या सोनेरी पट्टीसकट.