जेलमधलं वाचनालय आणि इग्नूचा बीए, पाचापैकी साडेतीन स्टार

माझा मामेभाऊ दोन वर्षं आत होता, कच्चा कैदी म्हणून. जेल कुठलं ते लिहीत नाही, मामी अजून बडोद्यात दांडिया बाजारातच राहते आणि लोकांना तोंडं असतात.

आधी चांगलं सांगते. आत राहून इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बीए करता येतो, कैद्यांना फी माफ, पुस्तकं पण फुकट, घरपोच म्हणजे बराकपोच 😄 असाइनमेंटचे 30 टक्के आणि परीक्षेचे 70, आणि तीन वर्षांचा कोर्स सहा वर्षांपर्यंत ओढता येतो. ज्याला दर थोड्या दिवसांनी कोर्टाची तारीख असते त्याला हे किती सोयीचं ते बाहेरच्यांना नाही कळणार. इग्नूला पाच स्टार, डोळे मिटून.

दीड कापलाय तो वाचनालयाचा. दोन कपाटं, अर्धी धार्मिक पुस्तकं, बाकीची कोणीतरी घर बदलताना दान केलेली, मराठी तर शोधून तीन. म्हटलं आपणच देऊ, तर गेटवरून परत, का तर जुन्या पुस्तकात पेन्सिलच्या खुणा होत्या, म्हणे निरोप असू शकतो!! मग मी आणि मामी रात्रभर खोडरबर घेऊन बसलो, 240 पानं, पुढच्या मुलाकातीला घेतलं बाई एकदाचं. नियम असेल तर असू दे हो, पण भिंतीवर लिहून लावा ना, दर वेळी नवीन शिपाई नवीन नियम सांगतो.

आणि मुख्य म्हणजे पुस्तकं बदलतच नाहीत. भावाने सहा महिन्यांत वाचण्यासारखं सगळं संपवलं आणि परत पहिल्यापासून लागला. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेब नावाच्या ग्रंथपालांना बोलावून घेतलं, मग लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगावी फिरवली, एका गावाचं वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला. तेव्हा बैलगाडीचा जमाना होता. आता जेलची गाडी रोज कोर्टात जाते येते, तिच्यात एक पेटी नाही का मावणार?

कोणाचं माणूस आत शिकत असेल तर एक करा, असाइनमेंट बाहेर जायच्या आधी झेरॉक्स काढून मागा. आमची एक मधेच हरवली, कुठे ते कोणी सांगेना, बिचाऱ्याने अठरा पानं परत लिहिली, त्यात पेन संपलं आणि नवीन मिळायला चार दिवस.