सेल बायोलॉजीसाठी रेकॉर्डेड लेक्चर बरं, की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातलं जुनं पुस्तक?

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, कुठेही गेलात तरी पहिल्या वर्षी पेशी काही चुकत नाही. केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया वगैरे मंडळी बारावीतच भेटलेली असतात, त्यांची ओळख परत करून देत नाही. अभ्यास कशातून करायचा, एवढाच प्रश्न. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

व्हिडिओचं एक कबूल करायला हवं: जे हलतं, ते हलताना बघितलं की पटकन कळतं. पेशी विभागताना गुणसूत्रं मध्यावर येतात, मग तंतू त्यांचे अर्धे भाग दोन टोकांना ओढतात. पुस्तकातली स्थिर चित्रं कितीही बघितली तरी यातली मेख मला ॲनिमेशनमध्येच सापडली. शिवाय पीएमपी बसमध्ये उभ्याउभ्या बघता येतं.

गाडं अडलं ते सोडियम-पोटॅशियम पंपापाशी, म्हणजे पेशीच्या पडद्यातून हे दोन आयन आत-बाहेर करणाऱ्या प्रथिनापाशी. ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, १ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा, फॉस्फेट असलेला रेणू) खर्च. बघताना वाटतं, झालं की! इंटर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र मला एवढंच पडताळायचं होतं: पंपाला आधी सोडियम चिकटतो की फॉस्फेट? आता ते तासाभराच्या लेक्चरमध्ये नेमकं कुठे होतं? पट्टी पुढे ओढा, मागे ओढा, मध्येच जाहिरात, त्यात सदाशिव पेठेतल्या त्या अभ्यासिकेत नेट रांगत होतं. शेवटी शेजारच्या मुलीचं पुस्तक मागितलं. तिने मागची सूची काढली, पान उघडलं, आकृतीवर बोट ठेवलं. आधी सोडियम, मग फॉस्फेट. माझा कल पुस्तकाकडे झुकला तो तिथे.

त्याच पानावर शेजारी ऑस्मोसिस होतं, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाण्याची ये-जा. साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात आणि ०.९ टक्के सलाईनमध्ये शाबूत राहतात, हे वाचल्यावर वॉर्डातल्या बाटलीवरचा आकडा पाठ करावा लागला नाही. लेक्चरमध्ये हे दोन विषय वेगवेगळ्या भागांत होते. सगळ्यांचे सर तसंच शिकवत असतील असं नाही म्हणा.

जुन्या पुस्तकाचे त्रास आहेतच. माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने ओळन् ओळ पिवळी करून ठेवलीय, त्यामुळे महत्त्वाचं काय ते देवच जाणे. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी सुरुवातीला जड जातं. त्यांनी आधी लेक्चर ऐकून मग पान उघडलं तर सोपं पडेल, असं मला वाटतं.

चौकात घ्यायला गेलात तर आधी शेवटची पानं बघा. जुन्या पुस्तकांची सूचीच पहिली निखळते, आणि तीच नसेल तर घासाघीस करत बसू नका, पुढच्या दुकानात जा. आवृत्ती एखादी मागची असली तरी पहिल्या वर्षाला सहसा अडत नाही. तरी शिकवणाऱ्या मॅडमना एकदा विचारून घेतलेलं बरं.