रिकार पास्टिस: जेवणाआधीची बडीशेप

मेहुणा फ्रान्सहून येताना रिकारची लिटरची बाटली घेऊन आला (नावात शेवटी ड लिहितात पण बोलताना खाऊन टाकतात) आणि म्हणाला, भावजी, ही जेवणाच्या आधी घ्यायची, भूक लागते. झाकण उघडलं तर बडीशेपेचा घमघमाट! म्हटलं अरे, ही आपण जेवण झाल्यावर खातो, तुमच्याकडे उलटंच दिसतंय सगळं.

बडीशेपेच्या चवीच्या या दारूला पास्टिस म्हणतात. फ्रान्सने १९१५ मध्ये अ‍ॅब्सिंथ, म्हणजे अशाच चवीची जुनी कडक दारू, बंद केली, पुढे १९३२ मध्ये मार्सेयच्या पॉल रिकारने ही काढली, चक्रीफूल, ज्येष्ठमध असलं सगळं त्यात, म्हणजे अर्धा मसाल्याचा डबा आपल्या ओळखीचाच.

बनवायला काहीच लागत नाही, २० मिली ही, १०० मिली गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडायचा नाही बरं का! पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून व्हिस्कीसारखा आधी बर्फ टाकला, वर पाणी न घालता ही ओतली, तर आत पांढरे कण तरंगायला लागले, मला वाटलं बाटलीच खराब निघाली. तसं नसतं, वासाचं जे तेल असतं ना, अ‍ॅनेथॉल, ते थंडीने गोठतं, म्हणून बाटली फ्रीजमध्येपण ठेवायची नाही. आणि तेच तेल दारूत विरघळतं पण पाण्यात नाही, त्यामुळे पाणी पडलं की पिवळट दारू बघता बघता दुधाळ होते. बायको म्हणाली, फिनेल कशाला पिताय.

बाटलीवर ४५ टक्के लिहिलंय म्हणून घाबरू नका, एवढ्या पाण्यात साडेसात टक्क्यांवर येते, स्ट्राँग बियरएवढी. दुपारी इंदूर बेचाळीस डिग्री भाजतं, मग संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, थोडी हवा सुटली की हा ग्लास घ्यायचा, खरंच मजा येते, तोंड गार पडतं आणि पोट जड होत नाही. व्हिस्कीने उन्हाळ्यात मला नुसता घाम येतो. लिटरमध्ये असे ५० ग्लास निघतात, म्हणजे सीझन पार.

तिकडे यात बदामाचं सिरप घालून मोरेस्क करतात, पुदिन्याचं घातलं की पेरोके, म्हणजे पोपट. मी घरातलं ठंडाईवालं बदाम सरबत चमचाभर टाकून बघितलं आणि काय सांगू, साधीपेक्षा मला हेच जास्त आवडलं, फक्त हात आखडता ठेवा नाहीतर गोडमिट्ट होतं.

चखण्याला लौंगवाली शेव घेऊ नका, हे इंदूरचा माणूस सांगतोय म्हणजे विचार करा! लवंगेपुढे बडीशेप टिकत नाही. काकडी आणि खारे दाणे बेस्ट.

बडीशेप आवडत नसेल त्याने मात्र वाटेला जाऊ नये. शेजारच्या काकांनी एक घोट घेतला, ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, खोकला झाला की सांगीन.