बेगमपुऱ्यातली अभ्यासिका : खुर्ची उत्तम, सॉकेट बेभरवशाचं, बोलायला बंदी

आधी कामाचं सांगते. महिना ९०० रुपये, डिपॉझिट ५००, लॉकर पाहिजे असेल तर वर १००. जागा बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या गेटापासून चालत पंधरा मिनिटं. खाली झेरॉक्सवाला, वर दोन मजले अभ्यासिकेचे. नाव मुद्दाम लिहीत नाही, मला अजून तिथंच बसायचंय. २०२३च्या जूनमध्ये लागले. मधे एक महिना पहाडसिंगपुऱ्यात दुसरीकडं बसून पाहिलं. तिथं एसी होता आणि ढेकूणही होते. परत आले.

खुर्ची गादीची आहे, सहा तास बसलं तरी पाठ धरत नाही. टेबलाला तिन्ही बाजूंनी प्लायवूड लावलंय, मान खाली घातली की शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही. उजेड चांगला. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर तीन तास निघतात, पंखे निम्मेच फिरतात. कूलर दोन आहेत, पण कूलरला पाणी लागतं, आणि या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येणार यावर निवडणुका लढवल्या जातात. मे महिन्यात ओला रुमाल सोबत ठेवा.

सॉकेटचं मात्र खरंच वाईट. दोन खुर्च्यांमागे एक चालू, एक बंद. तक्रार केली की वायरमन येतो, टेस्टर लावून बघतो आणि जातो.

चालवणारे काका एसटीत कंडक्टर होते. कोरोनाच्या थोडं आधी रिटायर झाले. अजूनही पावती तिकिटासारखी फाडतात, हजाराला शंभर परत द्यायचे तर आधी सुटे मागतात. त्यांची पावती हा इथला सगळ्यात बघण्यासारखा ऐवज आहे. पत्ता फक्त एवढाच : ‘बेगमपुरा, ४३१००४’. शहराचं नाव नाही. मी पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाले, “पिन कोडावर पत्र येतंय ना? मग झालं.”

बाहेरून आलेल्याला यातली गंमत कळायची नाही. २०२३च्या फेब्रुवारीत केंद्रानं नावाला मंजुरी दिली आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. तेव्हापासून बसस्टँडवर रिक्षावाल्याला तुम्ही शहराचं कुठलं नाव सांगता यावरून तो तुम्हाला जोखतो, आणि तो कुठलं नाव उच्चारतो यावरून तुम्ही त्याला. हे इथं नवीन नाही. विद्यापीठाच्या नावाचं हेच झालं होतं. १९५८ला मराठवाडा विद्यापीठ निघालं. १९७८च्या २७ जुलैला विधिमंडळानं बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. १९७९ला नागपुरातून लाँग मार्च निघाला. ठरावातलं नाव गेटावर चढायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेही ‘मराठवाडा’ तसाच ठेवून, पुढं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ जोडून. म्हणून सरकारी कागदावर ‘नामविस्तार’, आणि ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या तोंडी अजून ‘नामांतर’च. हॉस्टेलवर कुणी यातला कुठला शब्द वापरतो त्यावरून बाकीच्यांची कुजबुज ठरते.

तर काकांच्या पावतीवर शहर नाही आणि हजेरीच्या वहीत आडनाव नाही. तिथं लिहायचं ‘आरती, जिंतूर, खुर्ची २३’. काकांना वाटतं यानं भागलं. आमच्याकडं आडनाव झाकून भागत नाही. गाव कळलं की पुढचा प्रश्न ‘गावात घर कुठं?’ देवळाजवळ म्हणालात, तांड्यावर म्हणालात, पलीकडच्या वस्तीत म्हणालात, की वही भरली. काकांचं स्वतःचं आडनावही कुठं लिहिलेलं नाही. त्यावर गच्चीवर दर बॅचमध्ये पैजा लागतात, आजवर कुणी जिंकलेलं नाही.

दाराशी नियमांची पाटी आहे. मोबाईल सायलेंट. डबा गच्चीवर. पुस्तक ठेवून जागा धरू नये. आणि खाली लाल पेंटमध्ये : ‘राजकीय व सामाजिक विषयावर चर्चा करू नये.’

इथं बसणारे ९० टक्के लोक काय वाचतात? राज्यसेवेची पॉलिटी. नाहीतर प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षेचं राज्यशास्त्र, माझ्यासारखे. इंद्रा साहनी खटला १९९२, आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा. १०२वी घटनादुरुस्ती २०१८, १०५वी २०२१. मराठा आरक्षणाचा कायदा सुप्रीम कोर्टानं रद्द केला तो ५ मे २०२१ला, नवा दहा टक्क्यांचा कायदा फेब्रुवारी २०२४चा. हे सगळं आम्ही रंगीत पेनानं लिहून प्लायवूडवर चिकटवतो. पाठ करायचं, चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा, तोंडातून मात्र काढायचं नाही. प्लायवूडच्या अलीकडं तो अभ्यासक्रम आणि पलीकडं राजकारण.

आता खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हा नियम आवडला होता. मी लागले आणि तीन महिन्यांत, १ सप्टेंबरला, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर पोलिसांचा लाठीमार झाला. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या परिसरात कुठंही बसलं तरी एकच विषय. ऑक्टोबर संपताना बीड-माजलगावात आमदारांची घरं पेटली, एसटीच्या गाड्या फुटल्या. मेसमध्ये ताटं घेऊन पोरं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. त्याआधी ती कडेला कोण बसलंय हे बघत नव्हती, असं नाही. पण दिसत नव्हतं. अशात जिथं कुणी तुम्हाला ‘तुमचं काय मत?’ विचारणार नाही अशा खोलीसाठी मी ९०० काय, १२०० दिले असते.

काका त्या दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट करायचे. अभ्यासिकेत चार मराठी पेपर येतात. सकाळी सातला ते पहिलं पान काढून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. चालू घडामोडींचा अभ्यास करणारी पन्नास पोरं आणि पेपर पान तीनपासून सुरू! मी एकदा पान मागायला गेले. ड्रॉवर उघडला नाही, पण कारण सांगितलं. “आंदोलन कुणाचं बी असो ताई, काच माझ्याच गाडीची फुटायची. झेंडा निळा असो, भगवा असो, पिवळा असो. डिझेल शिंपडणारानं मला कधी इचारलं नाही की कंडक्टर तुमचं मत काय.” यावर मी काय बोलणार? पान तीन घेऊन खाली बसले.

त्यांनी केलेली एक गोष्ट मात्र कुठल्याच अभ्यासिकेत पाहिली नाही, आणि या जागेला मी सगळ्यात जास्त गुण देईन ते त्यासाठी. दर महिन्याच्या एक तारखेला खुर्च्यांच्या चिठ्ठ्या निघतात. मागच्या महिन्यात खिडकीशी होता म्हणून या महिन्यात मिळेलच असं नाही. मित्रानं ठरवून मित्राशेजारी बसायचं नाही, तालुक्यानं तालुक्याजवळ जमायचं नाही. पोरं कुरकुरतात. पण विद्यापीठात मतपेटी बघायचं आमच्या नशिबात नाही. विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, २०१६च्या कायद्यात परत आणायचं लिहिलं, माझं एम.ए. संपलं तरी आल्या नाहीत. भिंतीवर पोस्टरं सगळ्या विद्यार्थी संघटनांची आहेत, एसएफआय, अभाविप, सम्यक, एनएसयूआय, पण निवडून कुणी कुणाला देत नाही. मतं लागतात ती विद्यापीठाच्या अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, पदवीधर गटाला. त्या नोंदणीच्या हंगामात पॅनलची माणसं फॉर्मचे गठ्ठे घेऊन अभ्यासिका-अभ्यासिका फिरतात, डिग्रीची झेरॉक्स मागतात, चहा पाजतात. आमच्या काकांनी त्यांना जिन्यातच थांबवलं. “वर जागा नाही.” तर चिठ्ठी काढणं हाच आमचा निवडणुकीच्या जवळ जाणारा अनुभव.

त्या चिठ्ठीनंच नोव्हेंबरात दोन पोरं शेजारी आणली, दोघं अंबडकडचीच. आधी एका डब्यात जेवायची, सप्टेंबरनंतर बोलणं बंद. एक आरक्षण मागणाऱ्यांतला, एक आपलं जाईल म्हणून धास्तावलेला. खुर्च्या ३१ आणि ३२. आणि त्या दोन खुर्च्यांत मिळून सॉकेट एकच चालू. पहिले दोन दिवस दोघांचे फोन आलटून पालटून बंद. तिसऱ्या दिवशी प्लायवूडवर एक कागद चिकटला : सकाळी ७ ते १० एक, १० ते १ दुसरा, रविवारी उलट. खाली दोघांच्या सह्या. बोलले तरीही नाहीत. महिना तसाच काढला. वायरमनला तेव्हा बोलावू नका असं मीच काकांना सांगणार होते.

१४ जानेवारीला अभ्यासिका बंद. पाटीवर ‘संक्रांतीनिमित्त सुट्टी’. त्या दिवशी मराठवाडाभरातून लोक गेटावर येतात, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, गाणी, जेवणाच्या पंगती. म्हाताऱ्या बायका पहाटे टेम्पोत बसून आलेल्या असतात आणि या एवढ्या गर्दीत त्यांना जायला जागा नसते. काका मुलींच्या विभागाचं दार उघडं टाकतात, आतल्या बाथरूमसाठी. दोन टाक्या विकतच्या पाण्यानं भरून ठेवतात. मी विचारलं नाही का ते. विचारलं असतं तर ‘संक्रांत आहे’ म्हणाले असते.

मुलींच्या विभागावरून आमचं वाजलं ते सांगायलाच हवं. मुलांना चोवीस तास, मुलींना तेव्हा रात्री दहापर्यंत. पैसे तेवढेच, ९००. दहाला पाच कमी असताना काका घंटी वाजवायचे, शेवटची गाडी सुटल्यासारखी. मी मागच्या हिवाळ्यात म्हटलं, काका, एकतर वेळ वाढवा नाहीतर पैसे कमी करा. त्यांनी न बोलता पाटीवरच्या लाल ओळीकडं बोट केलं.

म्हणजे हेही राजकारण. त्या क्षणी मला नियमाचा खरा अर्थ कळला. आरक्षणावर बोलायचं नाही इथपर्यंत मी सोबत होते. पण शांततेच्या पाटीखाली बाथरूम, वेळ, फी, सगळंच मावायला लागलं तर पाटी बदलायला पाहिजे. आम्ही पंधरा जणी होतो, त्यातल्या तेरा म्हणाल्या जाऊ दे. कुणाचा फॉर्म भरायचा होता, कुणाच्या घरी कळलं तर बोलावून घेतील. एक मात्र नागसेनवनात शिकलेली होती, बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद कॉलेजची. ती म्हणाली, भांडू नको, निवेदन दे. या भागात निवेदन लिहिता येत नाही असं पोरगं मिळणार नाही. फेलोशिप थकली, निवेदन. हॉस्टेलचं पाणी गेलं, निवेदन.

लिहिलं. ‘प्रति, मा. संचालक. विषय : मुलींच्या विभागाची वेळ वाढवून मिळणेबाबत.’ चार ओळी आणि खाली सह्या. चौदाजणींपैकी अकरा आल्या, आडनाव न लिहिता, वहीसारख्या. काकांनी कागद दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून तारखेचा शिक्का काढून ‘प्रत मिळाली’ असं लिहून दिलं. तो ड्रॉवर पहिल्यांदाच उघडा पाहिला. आत पहिल्या पानांचा गठ्ठा होता, तारखेनुसार लावलेला, दोऱ्यानं बांधलेला.

आठ दिवसांनी घंटी साडेदहाला वाजली. फी तेवढीच आहे. रात्री अकरापर्यंतची मागणी पुन्हा जूनमध्ये टाकणार आहोत.

पाचपैकी साडेतीन. अर्धा सॉकेटसाठी कापला, एक मुलींच्या वेळेसाठी. लागायचं असेल तर महिन्याच्या तीस तारखेआधी जा, एक तारखेला चिठ्ठ्या निघून गेल्या की मधे खुर्ची बदलत नाही. सुटे पैसे न्या.