नऊ महिने रेकॉर्ड प्लेअर वापरला आणि डीप पर्पलबद्दलचं माझं मत फिरलं

हा रिव्ह्यू रेकॉर्ड प्लेअरचा आहे पण खरं सांगायचं तर अर्धा डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा आहे, कारण नऊ महिन्यांत या मशीनवर दुसरं फारसं काही वाजलंच नाही. बायकोच्या गझलांच्या दोन एलपी आणि एक नाट्यगीतांची, बाकी सगळं पर्पल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे तक्रारी आहेत आणि चूक त्यांची की माझ्या घराची हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तर मशीन बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते, साधारण 18,000 ला पडलं, त्यात फोनो प्रीअँप (काट्याचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आतच आहे, आणि काटा ज्यात बसतो ते कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं. घर गिरगावातली चाळ, तिसरा मजला, जमीन लाकडी फळ्यांची. ज्यांना माहितीये त्यांना इथेच हसू आलं असेल. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलं, पर्पलची मशीन हेड नावाची रेकॉर्ड लावली, त्यातल्या हायवे स्टार गाण्याचा सोलो रंगात आलेला आणि बायको चहा घेऊन आली तर तिच्या तिसऱ्या पावलाला काटा उडून थेट पुढच्या गाण्यात. गॅलरीतून पोरं पळाली तरी तेच. शेवटी भिंतीत दोन जाड ब्रॅकेट ठोकले, वर ओट्यातून उरलेला कडाप्प्याचा तुकडा टाकला, त्यावर मशीन. तेव्हापासून उडी नाही. चाळीत राहत असाल तर हे आधी करा, मग मशीन घ्या. भिंत मात्र वीटबांधणीची आहे ना बघा, पार्टिशनला ठोकलंत तर मशीन, कडाप्पा आणि शेजारी सगळे एकत्र.

दुसरी गोष्ट, हम. सतत ऽऽऽम असा आवाज. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नावालाच, तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलंच नव्हतं. इलेक्ट्रिशियनकडून ते करून घेतलं आणि मशीनची बारीक अर्थ वायर अँपच्या (अँप्लिफायरच्या) स्क्रूला कसली, तेव्हा 90 टक्के गेला. उरलेला मी स्वीकारलाय.

आता मुद्द्याचं. काट्याचं आयुष्य 500 तासांच्या आसपास धरायचं असं सगळेच सांगतात म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. एक बाजू वाजली की त्या रेकॉर्डपुढे एक रेघ, पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशोबासारखी. उद्देश फक्त तास मोजायचा होता. पण त्या वहीने माझी जी पंचाईत केलीये ती सांगायलाच हे सगळं लिहितोय.

आमच्याकडे पर्पलचं भांडण वीस वर्षं जुनं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या बँडमध्ये माणसं इतक्यांदा बदलली की फॅन लोक प्रत्येक संचाला नंबर देतात, मार्क वन, मार्क टू वगैरे. 1968 चा मार्क वन, त्यात गायक रॉड इव्हान्स. 1969 ला गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर आले तो मार्क टू, इन रॉक, मशीन हेड, मेड इन जपान हे सगळे अल्बम त्यांचे. ते दोघं 1973 ला गेले, मग गायक डेव्हिड कव्हरडेल आणि बेस वाजवत गाणारा ग्लेन ह्यूज यांचा मार्क थ्री, बर्न आणि स्टॉर्मब्रिंगर. मग पहिल्यापासूनचा गिटारवाला रिची ब्लॅकमोरच निघून गेला, त्याच्या जागी टॉमी बोलिन, एक अल्बम, आणि 1976 ला दुकान बंद. 1984 ला मार्क टू परत जमला, परत भांडले, आणि 1994 पासून गिटारवर स्टीव्ह मॉर्स, तो थेट 2022 पर्यंत. आता सायमन मॅकब्राइड. या सगळ्यात पहिल्या दिवसापासून आजपर्यंत टिकलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. आमच्या भांडणात त्याचं नाव कधी निघत नाही, बिचारा.

माझा मामा कट्टर मार्क टू. त्याच्या मते 1973 नंतर जे झालं ते डीप पर्पल नावाचा बोर्ड लावलेलं दुसऱ्याचं दुकान. गंमत म्हणजे 1995 च्या एप्रिलमध्ये बँड मुंबईत आला तेव्हा हाच मामा ऑफिसला दांडी मारून गेला होता. गिलन, ग्लोव्हर, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड, पेस, पाचातले चार मार्क टूचे समोर उभे, तरी तीस वर्षं एकच रडगाणं, ब्लॅकमोर नव्हता. त्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग पुढे बॉम्बे कॉलिंग नावाने निघालं. हे नावसुद्धा साधं नाही. पर्पलच्या चाइल्ड इन टाइम या गाण्याची सुरुवातीची ऑर्गनची धून मुळात इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडच्या बॉम्बे कॉलिंग याच नावाच्या गाण्यावरून उचललेली, त्यामुळे मामाला वाटतं की पर्पलवर मुंबईचा पहिला हक्क आहे आणि मुंबईत तो हक्क त्याच्याकडे आहे.

दुसरा माझा डोंबिवलीचा मित्र, बेस वाजवतो, तो मार्क थ्रीवाला. कव्हरडेल आला तेव्हा कपड्याच्या दुकानात कामाला होता आणि वर्षभरात कॅलिफोर्निया जॅम या अमेरिकेतल्या रॉक महोत्सवात लाखांच्या गर्दीपुढे गायला, हे तो दर वेळी नव्याने सांगतो, जणू त्यानेच नोकरी लावून दिली. त्याचं म्हणणं असं की गिलन किंचाळतो, कव्हरडेल आणि ह्यूज गातात. मामा यावर जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

आणि मी मामाचा भाचा. म्हणजे मार्क टू, प्रश्नच नाही. लहानपणी त्याच्या कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून दिल्यात मी, निष्ठा तिथूनच आली.

आता वही. सहाव्या महिन्यात सहज बेरीज केली तर सगळ्यात जास्त रेघा बर्नच्या पहिल्या बाजूपुढे. मला वाटलं मोजताना चुकलो. आता नऊ महिन्यांचा आकडा असा आहे: बर्नची नुसती पहिली बाजू 71, मशीन हेडच्या दोन्ही मिळून 66, इन रॉकच्या दोन्ही मिळून 41. मेड इन जपानच्या चारही बाजू मिळून 80 भरतात, पण त्यातली चौथी फक्त 5, कारण त्या बाजूवर स्पेस ट्रकिन एकटंच आहे, वीस मिनिटं, आणि पंधराव्या मिनिटाला खालच्या काकू काठीने छताला ठोकतात.

म्हणजे मी भांडतो एका बाजूने आणि ऐकतो दुसरंच. बरेच दिवस डोंबिवलीकराला सांगितलं नाही.

मग विचार केला की असं का, आणि उत्तर निम्मं मशीनमध्ये सापडलं. रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने, मिनिटाला 33 पूर्णांक एक तृतीयांश, पण बाहेरचा वेढा मोठा आणि लेबलजवळचा छोटा, त्यामुळे आत जाल तसं एका सेकंदाचं गाणं कमी कमी जागेत कोंबलेलं असतं. परिणाम, प्रत्येक बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ आणि शेवटचं जरा चिरकं, त्यातून काटा स्वस्तातला असेल तर फारच. आता बघा, चाइल्ड इन टाइम इन रॉकवर कुठे आहे? पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. मेड इन जपानवर? पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. म्हणजे गिलन आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वरच्या पट्टीत जातो नेमका तिथे जिथे माझा काटा गळपटतो. ती किंकाळी माझ्या मशीनवर प्रेशर कुकरची शिट्टी वाटते. आणि बर्न? अल्बमचं पहिलंच गाणं, सगळ्यात बाहेरच्या वेढ्यावर, पेसचे ड्रम असे सुटे सुटे ऐकू येतात की प्रत्येक फटक्यामागची हवा कळते. म्हणजे मशीनच मार्क थ्रीच्या बाजूने मॅच फिक्स करतंय. काट्याचं रेकॉर्डवर पडणारं वजन कंपनीने सांगितलेल्या 2 ग्रॅमवर आणलं, कार्ट्रिज कागदी मोजपट्टीवर सरळ केलं, तेव्हा किंकाळी बरीच माणसात आली. पण बर्न ऐकायची सवय लागायची ती लागलीच, आणि त्याचं सगळं खापर काट्यावर फोडलं तर ते खोटं होईल. दोन गायक एकमेकांच्या अंगावर येतात ना त्यात, एकाचा आवाज मातीचा आणि दुसऱ्याचा पार वर पतंगासारखा, ती मजा मार्क टूमध्ये नाहीये, बस. लिहिलं एकदाचं.

पण खरा झटका पाचव्या महिन्यात बसला. पावसाळा होता, कव्हरांना बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या जमवत होतो (औषधाच्या बाटल्यांतल्या, बुटांच्या खोक्यांतल्या, सगळ्या नातेवाइकांना कामाला लावलेलं), आणि एक दिवस डावा स्पीकर मेला. सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं पाठवा, पंधरा दिवस लागतील, आणि नंतर फोनच उचलला नाही. मी तसंच ऐकत राहिलो. आता मेड इन जपानमध्ये जॉन लॉर्डचा ऑर्गन डावीकडे आणि ब्लॅकमोरची गिटार उजवीकडे आहे. म्हणजे एक आठवडा माझ्या घरात लॉर्ड जवळजवळ नव्हताच. मामा रविवारी आला आणि खूश, नुसता ब्लॅकमोर! दोन बाजू डोळे मिटून ऐकल्या. तिसऱ्या बाजूला लेझी लागलं, जे मुळात ऑर्गनच्या लांबलचक सुरुवातीचं गाणं आहे, आणि कुठेतरी लांब, शेजारच्या चाळीत कोणी पेटी वाजवतंय तसा आवाज. मामाने डोळे उघडले. म्हणाला, हे काय वाजतंय, बंद कर.

नंतर कळलं की अँपमागची एक पिन ओलीने काळी पडली होती. खोडरबराने घासली, झालं. सर्व्हिसवाल्याची वाट बघत बसू नका, आधी पिना घासा.

पण तो आठवडा डोक्यातून जाईना. दुरुस्त झाल्यावर मुद्दाम उलटं केलं, उजवी पिन काढली, ब्लॅकमोर गायब. आणि शपथ घेऊन सांगतो, गाणं लंगडं झालं पण ओळखू आलं. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून काढायचा, त्यामुळे त्याचा आवाज चर्चमधल्यासारखा गुळगुळीत न राहता करवतीसारखा होतो, आणि खालची सगळी जाडी तीच आहे. आपण गायकावरून काळ पाडतो, गिटारवरून भांडतो. पण लॉर्ड मार्क वनपासून 2002 पर्यंत होता, इव्हान्स असो, गिलन असो, कव्हरडेल असो, आणि म्हणूनच ते सगळं एकाच बँडचं वाटतं. मामा ज्याला दुसऱ्याचं दुकान म्हणतो त्या दुकानात गल्ल्यावर माणूस तोच बसलेला.

मॉर्सच्या काळाबद्दल थोडक्यात, कारण मशीनवर त्याच्यावर अन्यायच होतो. मशीन हेड अख्खी चाळीस मिनिटांच्या आत संपते, एका एलपीत आरामात. 1996 ची पर्पेंडिक्युलर तासाच्या वर, सीडीच्या हिशोबाने भरलेली, एलपीवर तिचे दोन भाग, दर पंधरा मिनिटांनी उठा. रात्री जेवून बसल्यावर कोण उठणार? वहीत तिच्यापुढे 14 रेघा आहेत. पण लोकलमध्ये कानात घालून चर्चगेट ते बोरिवली ऐकली तेव्हा कळलं की मॉर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाही, आणि तेच त्याचं बरं केलंय. उलट 2002 नंतरचं, लॉर्डच्या जागी आलेल्या डॉन एरीच्या काळातलं, मला वाजवायला ठीक आणि आठवायला अवघड वाटतं, तबला तोच पण पेटीवाला नवा अशा बैठकीसारखं. डोंबिवलीकर म्हणेल तू आता लॉर्डचा भक्त झालास म्हणून असं बोलतोस. असेल.

मार्क वन कोणी विचारत नाही म्हणून सांगतो, हश ऐका, 1968 चं, मूळ जो साउथचं गाणं, अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलेलं, आणि त्यात ऑर्गन कसा धावतो ते बघा. तीनही अल्बम घेऊ नका, एक पुरे.

मशीन घ्यावं का? चाळीत, पावसाळ्यात, काकू खाली राहत असताना, 18,000 ला? आवाज ठीक, मोटर शांत, नऊ महिन्यांत बेल्ट सैल झालेला नाही. वरचं प्लास्टिकचं झाकण भिकार आहे, बिजागरी तिसऱ्या महिन्यात गेली, आता झाकण मी हाताने उचलून कपाटावर ठेवतो. वहीप्रमाणे काट्याचे साधारण 180 तास झालेत, पुढच्यासाठी पैसे बाजूला टाकतोय, या वेळी जरा बरा घेईन, त्या किंकाळीसाठी.

वही शेवटी मागच्या रविवारी मामाच्या हाती लागली. मी पोहे करत होतो. बाहेर आलो तर तो काही न बोलता रेकॉर्ड चाळत बसलेला, मग स्वतःच उठून बर्न लावली, पहिली बाजू पूर्ण ऐकली, गेला. रात्री रेघ मारायला वही उघडली तर बर्नपुढे काही नव्हतं, आणि मेड इन जपानपुढे त्याच्या हिरव्या पेनाने तीन नव्या रेघा.